काळदगडचा डावा हात

उस्मानभाई, तुम्ही गेलात तेव्हा आपला सौदा अर्ध्या टक्क्यावर आणि एका ओळीवर अडकलेला होता. अर्धा टक्का मी सोडला असता. ओळ सोडणार नव्हतो. तुम्हीही सोडणार नव्हता. मंगळवारी सकाळी तुमच्या नसरीनचा फोन आला, "किसनकाका, अब्बा गेले," तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "असे कसे गेले?" ते मी दुःखानं म्हणालो नाही. भाव चालू असताना गिऱ्हाईक पायरी उतरून निघून गेलं की दुकानदार ज्या आवाजात हाक मारतो, त्या आवाजात म्हणालो.

मूल गावाहून घुग्घुसला येईपर्यंत मी तुमच्याशी भांडतच होतो. पुढे कोळशाचे ट्रक, काचेवर धूळ, आणि गाडीत मी एकटाच मोठ्यानं बोलतोय: नऊ टक्के कोण देतं हो? कब्रस्तानात पोचलो तेव्हा माती द्यायला सुरुवात झाली होती. मी रांगेत गेलो, उजव्या हातानं मूठ भरली. शेजारचे एक म्हातारे हळूच म्हणाले, "दोन्ही हातानं द्या भाऊ. दोन्ही हातानं देत असतात." मी दोन्ही हातांनी दिली, तीन वेळा. आणि तुमच्यावर आणखी चिडलो. वाटलं, हेही तुम्हीच त्यांना सांगून ठेवलं असणार.

तुमचा काळदगड भिंतीवर जन्मला. खाणीच्या फाटकापाशी सुरक्षेचे फलक रंगवायचं काम तुमच्याकडे होतं. 'टोपी घाला, जीव वाचवा' एवढंच लिहायचे पैसे मिळत. तुम्ही शेजारी फुकटात एक माणूस काढलात. कोळशासारखा काळा, डोक्यावर दिव्याची टोपी, गळ्यात गमछा, उजव्या हाताची मूठ वळलेली आणि डावा पंजा उघडा, पुढे केलेला. पाळीवरचे कामगार फलक वाचत नसत, त्याच्याकडे बघत. मग तुम्ही त्याच्या सोळा-सोळा पानांच्या चित्रकथांच्या पुस्तिका काढल्यात. बसस्टँडवर पेपरांच्या शेजारी दोरीला टांगलेल्या असायच्या, पार सिरोंच्यापर्यंत जायच्या. शेवटच्या पानावर नेहमी तेच वाक्य: उजव्यानं मारतो, डाव्यानं वाचवतो. पोट्टे त्याच्यासारखे हात करून गल्लीत फिरायला लागले, तेव्हा तुम्ही त्याचा वीतभर उंचीचा प्लास्टिकचा बाहुला करायचं ठरवलंत. तुम्ही त्याला बाहुला म्हणायचात, मी माल म्हणायचो.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. बाप मूलच्या राईस मिलमध्ये हमाल होता आणि मला पोती उचलायची नव्हती, म्हणून तुमच्या टिनाच्या शेडमध्ये आलो. हाताच्या मशीनवर काम होतं. प्लास्टिकचा दाणा वितळवायचा, दांडा खाली ओढायचा, साच्यात प्लास्टिक दाबायचं, थांबायचं, साचा उघडायचा. धड वेगळं, पाय वेगळे, उजवा हात वेगळा, डावा वेगळा. तुकडा साच्यात अडकला तर बांबूच्या खुंटीनं हळूहळू ठोकून काढायचा. "लोखंड साच्याले लावाचं नाई," तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. "साचा मडक्यावानी असते. एक डाव तडकला का गेला."

दुसरी गोष्ट शिकवलीत ती न बोलता. नागपूरचा दाणेवाला यायचा, तुम्ही त्याच्यासमोर दोन कप चहा होईपर्यंत गप्प बसायचात. हवापाण्याचंही बोलत नव्हता. शेवटी तो बिचारा स्वतःच भाव सांगून टाकायचा आणि मग तुम्ही तिथून खाली यायला सुरुवात करायचात. तो गेल्यावर मला म्हणायचात, "पाह्यलं? भाव पहिले बोलला तो हारला." मी आज जो काही आहे, मूलला माझे रोपांच्या ट्रेचे आणि पाइपांच्या जोडांचे दोन कारखाने आहेत, ते या एका वाक्यावर उभे आहेत. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही अर्धा टक्का आणखी मागितला असता.

आता जत्रेचं. चैत्रातल्या चंद्रपूरच्या जत्रेसाठी माल द्यायचा होता. तुम्ही नवी पुस्तिका छापायला नागपूरला गेला होतात. जाताना म्हणालात, "जत्रेले माल पायजे किसना. कसा का होईना, पायजे." हे वाक्य मी तीस वर्षं खिशात घेऊन फिरलो. जो कोणी ऐकेल त्याला दाखवलं. कारण दोन दिवसांनी डाव्या हाताचा साचा तडकला. नवा साचा नागपूरहून व्हायला आठ-दहा दिवस लागले असते. मी उजव्या साच्यातून दुप्पट हात काढले आणि दोन्ही खांद्यांना उजवेच बसवले. दोन्हीकडे वळलेली मूठ. पिशवीच्या तोंडाला रंगीत पुठ्ठा लावला, खांदे झाकले गेले, वरून स्टेपलर मारला. माल वेळेवर जत्रेत पोचला, तुम्हीही नागपूरहून परस्पर तिथे आलात.

दुसऱ्या दिवशी खाणीवरचा एक माणूस मुलीला कडेवर घेऊन आपल्या दुकानाशी आला. बाहुला पिशवीतून काढलेला होता. रागात नव्हता. मुलीनं विचारलेलं त्यानं फक्त तुम्हाला विचारलं, "भाऊ, याचा वाचवनारा हात कुठी हाये?"

तुम्ही बाहुला हातात घेतलात. उलटासुलटा केलात.

"किसना, हे काय होय?"

"साचा तडकला भाऊ. तुमीच म्हनले होते, कसा का होईना."

"मारनारे दोन हात देल्ले तू त्याले. आता हा वाचवते कायनं?"

"पोट्टे थोडी पाहून राह्यले एवढं."

"पोट्टेच पाहतेत बे. मोठे पाहत नाई." आणि मग आजूबाजूचे सगळे दुकानदार ऐकत असताना म्हणालात, "जाय तू. तुह्या हातचं मले काई नको."

त्या माणसाचे सात रुपये तुम्ही परत केलेत. नंतर जो येईल त्याचे केलेत. मी उरलेल्या मालातली एक पेटी उचलली, पगाराऐवजी म्हणून, आणि निघालो. चाळीस पिशव्या होत्या. घरी नेऊन पत्र्याच्या ट्रंकेत टाकल्या. प्रेमानं जपल्या असं कोणी समजू नये. दर वेळी ट्रंक उघडली की तुमचा राग ताजा व्हायचा, म्हणून ठेवल्या.

पुढे तुमची शेड बंद झाली, पुस्तिका बंद झाल्या, मी माझ्या वाटेनं मोठा झालो. तुमचं नाव कोणी काढलं की मी उठून जायचो. मग सहा वर्षांपूर्वी नागपूरचा एक दातांचा डॉक्टर माझा पत्ता शोधत मूलला आला. लहानपणी आजोळी, गडचिरोलीला, काळदगड वाचलेला. आता जुनी खेळणी जमवतो. खुर्चीत बसायच्या आधी त्यानं विचारलं, "तुमच्याकडे दोन उजव्या हातांची फिगर आहे म्हणतात. पिशवी उघडलेली तर नाही ना?"

मी गप्प बसलो. दोन कप चहा झाला.

त्यानं भाव सांगितला आणि मला ठसका लागला. सात रुपयांच्या मालाला तो चांगल्या फटफटीचे पैसे देत होता. मी तरीही गप्प राहिलो, तो आणखी वर गेला. नंतर त्यानं मला सगळं समजावलं. सरळ हातांचा काळदगड बऱ्याच जणांकडे आहे, त्याला फार किंमत नाही. दोन उजव्यांचा निघाला एकाच जत्रेत, आणि त्यातले निम्मे तुम्हीच परत घेऊन वितळवलेत. म्हणजे भाव तुम्ही वाढवलात. पिशवीच्या स्टेपलरची पिन गंजलेली हवी पण निघालेली नको, गंजाचा डाग पुठ्ठ्यावर उमटलेला हवा. नवी पिन दिसली की भाव अर्ध्यावर. माझ्याच हातानं मारलेल्या पिना तो भिंग लावून बघत होता.

तोच म्हणाला, तशीच फिगर पुन्हा काढा. पाचशे नग, प्रत्येकाला क्रमांक, मग साचा तोडायचा. जुन्याच्या भावाला धक्का लागत नाही आणि ज्यांना जुना परवडत नाही ते नव्यासाठी रांग लावतात. मी म्हणालो, उद्यापासून काढतो. तो म्हणाला, चित्रकाराचा परवाना लागेल. त्यांच्या सहीच्या कागदाशिवाय ती नक्कल. नकलेला कोणी हात लावणार नाही.

असा मी तीस वर्षांनी तुमच्या दारात उभा राहिलो. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "बस. च्या घेशीन?" एवढंच. मी कागद काढून टेबलावर ठेवले. पंखा चालू होता, कागद उडायला लागले. तुम्ही मागे वळून खिडकीतून एक वस्तू उचललीत आणि कागदांवर ठेवलीत.

डाव्या हाताचा साचा. तडकलेला.

उस्मानभाई, आता ते लिहायची वेळ आली आहे. साचा तडकला, असं मी जत्रेत म्हणालो, लग्नात बायकोला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. साचा तडकला नाही. मी फोडला. एक हात आत अडकला होता, खुंटीनं निघत नव्हता, तुम्ही गावात नव्हता, मला घाई होती आणि मला राग लवकर येतो. मी लोखंडी हातोडी घेतली. दोनच घाव घातले. दुसऱ्या घावाला आवाज वेगळा आला. त्या साच्याच्या पाठीवर हातोडीच्या तोंडाचा गोल वण आहे, चार आण्याच्या नाण्याएवढा. आंधळ्याच्या बोटालाही कळेल, आणि तुम्ही आंधळे नव्हता. तुम्ही तो साचा ठेवलात, वण माझ्याकडे करून.

पुढची सहा वर्षं आपण त्या साच्याच्या दोन बाजूंना बसून सौदा केला. परवान्याचे मी पाच टक्के म्हणालो, तुम्ही बारा. मी म्हणालो कारखान्याच्या भावावर, तुम्ही म्हणालात खोक्यावर छापलेल्या भावावर. त्यातच एक वर्ष गेलं. नग पाचशे ठरले. रंग तुम्ही ठरवलात. टोपीचा पिवळा मला तीनदा बदलायला लावलात: "हा हळदीचा हाय. खानीतला पिवळा मळका असते." मी शिव्या देत बदलला आणि तो खरंच बरोबर होता. शेवटी तुम्ही नऊवर, मी साडेआठवर. आणि तुमची एक अट, पहिल्या दिवसापासूनची, न हललेली. खोक्याच्या पुढच्या बाजूला, नावाच्या खाली, एक ओळ छापायची: 'याचा डावा हात चुकला आहे. चूक: किसन गुरनुले.'

मी म्हणालो 'विशेष आवृत्ती' छापू. "चुकीले चूक म्हन, मंग वीक," तुम्ही म्हणालात. मी म्हणालो चूक तुमची, तुम्हीच म्हणाला होता कसा का होईना. तुम्ही साच्याकडे बघितलंत. मी खिडकीकडे बघितलं.

आपली शेवटची भेट तर तुम्हाला आठवतच असेल. मी नवा साचा आधीच बनवून घेतला होता, निम्म्याहून जास्त नगांची मागणी आली होती, डॉक्टर रोज फोन करत होता. आणि मूर्खासारखं मी तुम्हाला डॉक्टरचं मत सांगून बसलो की अशी ओळ छापली तर शौकिनांना आणखी आवडेल, भाव वाढेल.

तुम्ही हसलात. "मंग तं तुह्या फायद्याचीच हाये. नाई काऊन म्हनून राह्यला?"

"माह्या नावाचा बाजार नाई करनार."

"बाजार तं तू त्याच्या हाताचा करून राह्यला. नावाचं काय एवढं?"

"छत्तीस वर्सं झाले भाऊ. अजून किती डाव हाकलता मले?"

"म्या एकच डाव हाकललं. बाकीचे डाव तू सोताच गेला." नंतर चहाचा घोट घेऊन, जणू माझ्याबद्दल बोलतच नाही अशा सुरात, "दोन उजव्या हाताचा मानूस. सोताले थोपटू नाई शकत, दुसऱ्याले उचलू नाई शकत."

मी टेबलावर मूठ आपटली. साचा उडून खाली पडला, माझ्या पायाशी, वण वर करून. मी तो उचलला. माझा अंगठा बरोबर त्या खळग्यात बसला. नसरीन दारात येऊन उभी होती. तुम्ही हात पुढे केलात, साचा घेतलात, गमछ्यानं पुसलात, होता तिथे ठेवलात आणि गप्प बसलात. मला ते गप्प बसणं माहीत होतं. दाणेवाल्यासमोर बसायचात तसं. मीही गप्प बसलो, कारण मला तुम्हीच शिकवलं होतं. चहावर साय धरली. शेवटी मी उठलो. तुम्ही म्हणालात, "पुढच्या सोमवारी ये." मी म्हणालो, "पाहतो." सोमवारी मी आलो नाही. तुम्हाला जरा ताटकळू द्यावं असं ठरवलं होतं. मंगळवारी फोन आला.

परवा नसरीननं बोलावलं. तिनं करारनामा टाइप करून घेतला होता. साडेआठ टक्के, छापील किमतीवर, पाचशे नग. ओळीवर तिनं पेनानं काट मारली होती.

"अब्बाचं भांडन अब्बासोबत गेलं काका. मले तुमच्याशी भांडाचं नाई. तुम्हाले पायजे तसं करा."

म्हणजे सगळं मिळालं, उस्मानभाई. जे सहा वर्षं मागत होतो ते सगळं, एका कप चहात. मी पेन हातात घेतलं. कागद उडत नव्हते, पंखा बंद होता, तरी तिनं सवयीनं त्यावर साचा ठेवला होता. सही करायला तो बाजूला करावा लागला. मी सही केली नाही. उठून अंगणात गेलो, नळावर तोंड धुतलं. हौदाच्या कडेवर कोळशाची भुकटी होती, तिच्यावर तुमच्या ब्रशांचा डबा. ब्रश धुऊन, सुकवून, केस वर करून ठेवलेले. सोमवारी तुम्हीच धुतले असणार. वाट बघताना माणूस असली कामं करतो.

आत येऊन मी नसरीनला म्हणालो, "बेटा, साचा तडकला नव्हता. म्या फोडला. हातोडीनं."

ती साडीच्या पदराशी चाळा करत होती, तशीच करत राहिली. "मालूम हाये काका. मी लहान होती तेव्हापासून मालूम हाये. अब्बा म्हनत, तो सोता सांगन."

"ते मले विचारत काऊन नव्हते मंग?"

"ते म्हनत, म्या विचारलं तं तो झूट बोलन. मंग झूटच पक्कं होऊन जाईन."

तिनं काट मारलेल्या ओळीखाली मी माझ्या अक्षरात नवी ओळ लिहिली: 'डावा साचा मी लोखंडी हातोडीने फोडला. किसन गुरनुले.' तुमच्या ओळीपेक्षा ही वाईट आहे. तुमच्या ओळीत फक्त चूक होती. मग, सवयच आहे, मी म्हणालो, "ओळ माही हाये, तं टक्का आठ लावू."

नसरीननं कागद वाचला. मग कागद खाली ठेवला आणि गप्प बसली. हुबेहूब. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, ब्रशांकडे बघितलं, साच्याकडे बघितलं.

"बरं, साडेआठ," मी म्हणालो.

ती गप्प.

"नऊ," मी म्हणालो. "नऊ लिही."

तिनं नऊ लिहिलं. लिहिताना तिचे डोळे गळत होते आणि हात अजिबात हलत नव्हता.

तर खोकी छापायला गेली आहेत, उस्मानभाई. पिवळा मळकाच आहे. दोन्ही हात उजवे आहेत. ओळ पुढच्या बाजूला आहे, तुम्हाला हव्या त्या जागी, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढी. सौद्याच्या हिशेबानं मी पहिले बोललो, तेव्हा हरलो, आणि अर्ध्या टक्क्यानं नाही, चांगलाच हरलो. ते मान्य.

पण माझी तक्रार मिटलेली नाही, ती इथेच लिहून ठेवतो. तुम्ही माझ्या तोंडाचा अंदाज बरोबर केलात. तुम्ही विचारलं असतं तर मी खोटंच बोललो असतो. पहिल्यांदा बोललो असतो, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा विचारायला तुम्ही नव्हतात का? विचारायचं होतं, भाऊ. तुमच्याकडे डावा हात होता.